होस्टिंग बदललं, पण नेमसर्व्हर अजून जुन्याच पत्त्यावर?

सर्व्हर बदलायचा म्हटलं की सगळ्यांचं लक्ष फायलींवर आणि डेटाबेसवर असतं. बॅकअप घेतला, नव्या सर्व्हरवर चढवला, वर्डप्रेसचं लॉगिन चालतंय का पाहिलं, मेलबॉक्स नेले, की मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. नेमसर्व्हर म्हणजे डोमेनचं नाव कोणत्या आयपी पत्त्यावर आहे हे सांगणारा सर्व्हर. ज्यांची डोमेन्स होस्टिंग कंपनीच्या तयार नेमसर्व्हरवर आहेत त्यांना रजिस्ट्रारकडे (ज्या कंपनीकडे डोमेन नोंदवलं तिच्याकडे) जाऊन नव्या कंपनीच्या नेमसर्व्हरची नावं लिहिली की पुरतं. पण तुम्ही स्वतःच्या नावाचे नेमसर्व्हर चालवत असाल, म्हणजे एनएस१.तुमचंनाव.कॉम आणि एनएस२.तुमचंनाव.कॉम, तर नावं बदलायची नसतातच. बदलायचे असतात त्या नावांमागचे आयपी पत्ते. आणि ते जिथे लिहिलेले असतात ती जागा ना जुन्या सर्व्हरवर असते, ना नव्या.

हे काम राहून गेलं तरी लगेच काही बिघडत नाही, हीच खरी गोम आहे. जुनं होस्टिंग महिनाअखेरपर्यंत चालू असतं. जुना सर्व्हर विचारणाऱ्याला उत्तरं देत राहतो, साइट उघडते, कोणाची तक्रार नसते. मग जुनं खातं बंद होतं. त्या दिवशीही काहींना साइट दिसते, काहींना दिसत नाही. दोन-तीन दिवसांत कोणालाच दिसेनाशी होते आणि मेल परत जायला लागतात. तुम्ही रिसेलर असाल, एका व्हीपीएसवर (भाड्याने घेतलेल्या आभासी सर्व्हरवर) पन्नासेक क्लायंटच्या साइट्स ठेवल्या असतील, तर ही वेळ एकट्या तुमच्या डोमेनवर येत नाही. ज्या ज्या डोमेनला तुमचे एनएस१ आणि एनएस२ लावले आहेत ती सगळी एकदम जातात. तोवर सर्व्हर बदलून तीन आठवडे उलटलेले असतात, त्यामुळे संशय भलतीकडेच जातो.

पत्ता रजिस्ट्रीकडे का लागतो

एखाद्याने ब्राउझरमध्ये तुमचंनाव.कॉम टाकलं की त्याच्या इंटरनेट कंपनीचा रिझॉल्व्हर पत्ता शोधायला निघतो. त्याच्याकडे उत्तर आधीपासून नसेल तर तो वरून सुरुवात करतो. रूट सर्व्हरना विचारतो. ही एकूण १३ नावं आहेत, ए पासून एम पर्यंत. ते सांगतात की .कॉमचं काम व्हेरिसाइन कंपनीच्या सर्व्हरकडे आहे. .कॉमसारख्या एका शेवटाची सगळी नावं सांभाळणाऱ्या अशा व्यवस्थेला रजिस्ट्री म्हणतात. .इन किंवा .भारत असेल तर ती रजिस्ट्री निक्सी या संस्थेची. रिझॉल्व्हर .कॉमच्या सर्व्हरला विचारतो, तुमचंनाव.कॉम कोण सांभाळतं? उत्तर येतं, एनएस१.तुमचंनाव.कॉम आणि एनएस२.तुमचंनाव.कॉम.

आता एनएस१.तुमचंनाव.कॉम कुठे आहे? ते तुमचंनाव.कॉमच्या नेमसर्व्हरलाच ठाऊक. म्हणजे एनएस१ कुठे आहे हे विचारायला एनएस१कडेच जायचं. किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतल्यासारखी ही स्थिती आहे.

ही अडचण डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधण्याची ही व्यवस्था, घडवणाऱ्यांना सुरुवातीपासून माहीत होती. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये या व्यवस्थेचा आराखडा मांडला आणि १९८७ मध्ये तिचे नियम जे पक्के झाले ते आजही चालू आहेत. त्यातच यावर तोडगा आहे. नेमसर्व्हरचं नाव त्याच डोमेनच्या पोटात असेल तर वरच्या पातळीने नावाबरोबर त्याचा आयपी पत्ताही सांगायचा. .कॉमचा सर्व्हर म्हणतो, एनएस१.तुमचंनाव.कॉमला विचारा, आणि हो, तो २०३.०.११३.१० वर भेटेल. रजिस्ट्रीकडे ठेवलेल्या या पत्त्याला ग्लू रेकॉर्ड म्हणतात. (२०३.०.११३ आणि १९८.५१.१०० ने सुरू होणारे पत्ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत, म्हणून इथे तेच वापरतो. २०३ वाला जुना सर्व्हर, १९८ वाला नवा.)

म्हणजे एनएस१चा पत्ता दोन ठिकाणी आहे. एक तुमच्या झोनमध्ये, म्हणजे नेमसर्व्हरवरच्या तुमच्या डोमेनच्या नोंदींच्या यादीत, साध्या ए रेकॉर्डच्या (नाव आणि त्याचा आयपी सांगणाऱ्या नोंदीच्या) रूपात. तो सीपॅनल किंवा डब्ल्यूएचएम या होस्टिंग सांभाळायच्या पॅनलमधून दिसतो, बदलता येतो. दुसरा रजिस्ट्रीकडे, ग्लू म्हणून. या दोघांना एकमेकांची खबर नसते. एक बदलला म्हणून दुसरा बदलत नाही आणि दोन्ही जुळतात का हे कोणी तपासतही नाही. स्थलांतराच्या साधनांनी खाती नेली की झोनमधला पत्ता बहुतेक वेळा आपोआप नवा होतो. त्यामुळे पॅनल उघडून पाहणाऱ्याला सगळं ठीकच दिसतं. ग्लू मात्र रजिस्ट्रीत जुनाच पडलेला असतो.

बदल करायचा कुठे

तुमचंनाव.कॉम ज्या रजिस्ट्रारकडे नोंदवलेलं आहे त्याच्याच खात्यातून, आणि फक्त तिथूनच. होस्टिंग कंपनीचे सपोर्टवाले इथे हात वर करतात ते काही टाळाटाळ म्हणून नव्हे. डोमेन त्यांच्याकडून घेतलेलं नसेल तर त्यांना हा बदल करताच येत नाही.

इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. रजिस्ट्रारच्या पॅनलमध्ये ‘नेमसर्व्हर’ नावाचं एक ठळक पान असतं. माणूस ते उघडतो, तिथे एनएस१.तुमचंनाव.कॉम आणि एनएस२.तुमचंनाव.कॉम लिहिलेलं असतं, बरोबरच आहे म्हणून तो पान बंद करतो. त्या पानावर फक्त नावं असतात. पत्ते दुसऱ्या पानावर असतात, आणि ते पान बहुतेक पॅनलमध्ये आडबाजूला, ‘ॲडव्हान्स्ड’च्या आत कुठेतरी दडलेलं असतं. नावही प्रत्येकाचं वेगळं. कुठे चाइल्ड नेमसर्व्हर, कुठे प्रायव्हेट नेमसर्व्हर, कुठे पर्सनल डीएनएस, कुठे नुसतं होस्ट नेम्स. ओळखायची खूण एकच: जिथे एनएस१च्या शेजारी आयपीचा रकाना आहे ते पान. ते सापडलंच नाही तर रजिस्ट्रारच्या सपोर्टला सांगावं की माझ्या होस्ट रेकॉर्डचा आयपी बदलायचा आहे. ‘नेमसर्व्हर बदलायचे आहेत’ असं म्हणालात तर तेही तुम्हाला त्याच पहिल्या पानावर पाठवतील.

त्या पानावर जुनी नोंद काढून नवी करायला जाऊ नका. एनएस१ हे नाव कोणत्याही डोमेनला जोडलेलं असेल, अगदी दुसऱ्याच रजिस्ट्रारकडच्या क्लायंटच्या डोमेनला, तर रजिस्ट्री ते सहसा काढू देत नाही आणि पॅनल काहीतरी अगम्य एरर दाखवतं. काढायची गरजच नाही. ‘एडिट’ किंवा ‘मॉडिफाय’ करून आयपी बदलायचा.

आणि आयपीव्ही६चा (आयपी पत्त्याच्या नव्या, लांब प्रकाराचा) रकाना बघा. कोणे एके काळी कोणीतरी उत्साहाने जुन्या सर्व्हरचा आयपीव्ही६ पत्ता तिथे भरून ठेवलेला असतो. आयपीव्ही४ बदलला आणि हा तसाच राहिला तर आयपीव्ही६ वापरणारे रिझॉल्व्हर जुन्या दारावर धडकत राहतात. बिघाडही असा येतो की ऑफिसच्या ब्रॉडबँडवर सगळं चालतं आणि मोबाइलच्या नेटवर अडखळतं. नव्या सर्व्हरला आयपीव्ही६ नसेल तर तो रकाना सरळ रिकामा करा.

या सगळ्यात एक गोष्ट मोठी सोयीची आहे. क्लायंटना काहीही करावं लागत नाही. त्यांची डोमेन्स .इन असोत, .ऑर्ग असोत, कोणत्याही रजिस्ट्रारकडे असोत, तिथे फक्त तुमच्या नेमसर्व्हरची नावं आहेत आणि ती तशीच राहणार आहेत. तुमच्या रजिस्ट्रारकडे दोन ओळी बदलल्या की पन्नासच्या पन्नास डोमेन्स नव्या सर्व्हरला विचारू लागतात. स्वतःच्या नावाचे नेमसर्व्हर ठेवण्यामागे मिरवणं हे एक कारण असतं, पण खरा फायदा हा. अपवाद एकच, एखाद्या मोठ्या क्लायंटने त्याच्याही नावाचे नेमसर्व्हर करून ते तुमच्या आयपीकडे वळवले असतील तर त्याचा ग्लू त्याच्या रजिस्ट्रारकडे वेगळा बदलावा लागतो.

‘२४ ते ४८ तास थांबा’ हे कुठून येतं

डीएनएसमध्ये बदल केला की तो जगभर पसरायला वेळ लागतो, असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात पसरत काहीच नाही. .कॉममध्ये तुम्ही ग्लू बदललात की रजिस्ट्रीचे सर्व्हर काही मिनिटांत नवा पत्ता सांगू लागतात. वेळ लागतो तो जगभरच्या रिझॉल्व्हरनी आधीच घेऊन ठेवलेलं जुनं उत्तर शिळं होण्यात. प्रत्येक उत्तराबरोबर ते किती सेकंद धरून ठेवायचं याचा आकडा येतो, तो टीटीएल. तुमच्या झोनमधल्या रेकॉर्डचा टीटीएल तुमच्या हातात आहे. सीपॅनलमध्ये तो मुळात १४,४०० सेकंद, म्हणजे चार तास असतो, आणि बदलाच्या आदल्या दिवशी तो ३०० वर आणून ठेवणं शहाणपणाचं. ग्लूचा टीटीएल मात्र रजिस्ट्री ठरवते. .कॉमसाठी तो १,७२,८०० सेकंद आहे. भागून पाहा, बरोबर ४८ तास. सपोर्टवाल्यांच्या तोंडी बसलेला आकडा इथला आहे.

प्रत्येक रिझॉल्व्हर हा आकडा जसाच्या तसा पाळतो असंही नाही. अनबाउंड हे लोकप्रिय सॉफ्टवेअर मूळ सेटिंगमध्ये एका दिवसापेक्षा जास्त काही धरत नाही. बाइंड, टीटीएल तेवढा असेल तर, आठवडाभर धरू शकतं. म्हणून दोन दिवस हा हिशेबाचा आकडा धरायचा आणि जुना सर्व्हर त्याहून बराच जास्त चालू ठेवायचा.

किती जास्त, याचा अंदाज यायला रूट सर्व्हरचंच उदाहरण घ्या. त्यांच्यावरही पत्ता बदलायची वेळ येते. बी-रूट चालवणाऱ्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संस्थेने २७ नोव्हेंबर २०२३ रोजी त्याचा आयपी १९९.९.१४.२०१ वरून १७०.२४७.१७०.२ केला. जुन्या पत्त्यावरही निदान वर्षभर उत्तरं मिळत राहतील असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. जे-रूटचा पत्ता २००२ मध्ये बदलला होता आणि तेरा वर्षांनीसुद्धा जुन्या पत्त्यावर विचारणारे येतच होते. तुमच्या-आमच्या सर्व्हरची गोष्ट एवढी चिवट नाही, कारण रूटचे पत्ते लोकांनी आपापल्या सर्व्हरवर फायलीतच लिहून ठेवलेले असतात. पण बदल जाहीर केल्याने जुना पत्ता मरत नाही, हे त्यातून दिसतं.

एल-रूटची गोष्ट जास्त बोलकी आहे. त्याचा पत्ता नोव्हेंबर २००७ मध्ये बदलला, आणि पुढच्या काही महिन्यांत जुन्या पत्त्यावर भलत्याच संस्थांनी आपले सर्व्हर लावून रूट म्हणून उत्तरं द्यायला सुरुवात केल्याचं आढळलं. त्यांनी खोटी उत्तरं दिल्याचं काही पुढे आलं नाही, पण देता आली असती. तुमच्या जुन्या होस्टिंगचा आयपीही तुम्ही सोडल्यावर कोणाला तरी दिला जाणारच. ग्लू तिकडेच बोट दाखवत असेल आणि नव्या मालकाने तिथे डीएनएस सर्व्हर चालू केला, तर तुमच्या डोमेनची साइट कुठे उघडायची आणि मेल कुठे जायचे हे तो ठरवू शकतो. साइट बंद पडण्याहून हे कितीतरी वाईट.

जुन्या सर्व्हरलाच कामाला लावा

दोन दिवस काही रिझॉल्व्हर जुन्या नेमसर्व्हरला विचारणार आणि काही नव्या, हे टळत नाही. त्यामुळे दोघांनीही एकच उत्तर दिलं पाहिजे. म्हणून ग्लूला हात लावण्याआधी जुन्या सर्व्हरवरच्या झोनमध्ये जा आणि साइटचा ए रेकॉर्ड, मेलचा रेकॉर्ड, सगळं नव्या सर्व्हरकडे वळवा. मग कोणी कुठल्याही दाराने आलं तरी पोचतं नव्या घरातच. एवढी एक गोष्ट केली तर स्थलांतर क्लायंटला कळतही नाही.

जुन्या झोनमध्ये आणखी एक रेकॉर्ड बदलावा लागतो आणि तो हमखास राहतो: एनएस१ आणि एनएस२चे स्वतःचे ए रेकॉर्ड. रिझॉल्व्हरच्या लेखी ग्लू हा फक्त पहिल्या भेटीपुरता पत्ता असतो. नेमसर्व्हरने स्वतः दिलेलं उत्तर त्याहून जास्त विश्वासाचं, असं १९९७ च्या एका नियमपत्रात स्पष्ट केलेलं आहे. आता समजा, तुम्ही ग्लू बदललात, पण जुन्या सर्व्हरवरचा झोन अजून म्हणतोय की एनएस१ म्हणजे २०३.०.११३.१०. एखाद्या रिझॉल्व्हरकडे तो पत्ता आधीपासून आहे. तो तिथेच जातो, आणि उत्तराबरोबर त्याला तोच जुना पत्ता पुन्हा ताजा होऊन मिळतो. मुदत संपायच्या आत पुन्हा विचारलं की पुन्हा ताजा. असा रिझॉल्व्हर रजिस्ट्रीकडे परत फिरकायचं नावच घेत नाही. अमुक एका कंपनीच्या नेटवर आठवडा झाला तरी जुनीच साइट दिसते, या तक्रारीमागे अनेकदा हे असतं.

मेलच्या बाबतीत जुना सर्व्हर आणखी एक खोडी काढतो. तुमची दोन क्लायंट डोमेन्स आधी त्याच सर्व्हरवर होती. तिथे अजून चालू असलेल्या एखाद्या साइटच्या संपर्क फॉर्मने दुसऱ्या डोमेनच्या पत्त्यावर मेल टाकला, तर जुना सर्व्हर डीएनएसला विचारतच नाही. हे डोमेन माझ्याचकडे आहे अशा समजुतीत तो मेल जुन्याच मेलबॉक्समध्ये टाकतो. एररही येत नाही. सीपॅनलमध्ये ‘ईमेल राउटिंग’ नावाचं पान असतं, तिथे नेलेल्या डोमेनसाठी लोकलऐवजी रिमोट निवडायचं. ज्यांच्या चौकशीचे फॉर्म महिनाभर कुठे गेले कळत नाही त्यांनी आधी इथे पाहावं.

नव्या सर्व्हरची तयारी

नव्या सर्व्हरवर झोन नुसते आलेत म्हणून भागत नाही, ते पूर्ण आहेत का हे बघावं लागतं. हाताने घातलेले टीएक्सटी (साध्या मजकुराचे) रेकॉर्ड, गूगल किंवा मायक्रोसॉफ्टकडे मेल नेणारे एमएक्स, डीकेआयएमची (मेलवरची सही पडताळण्याची) लांबलचक किल्ली, कोणीतरी बिलिंगसाठी केलेलं उपडोमेन, यातलं काहीतरी मागे राहतंच. एसपीएफमध्ये (तुमच्या नावाने मेल कोणत्या सर्व्हरने पाठवायचे हे सांगणाऱ्या नोंदीत) जुना आयपी लिहिलेला असेल तर नव्या सर्व्हरवरून जाणारे मेल स्पॅममध्ये पडतील. सर्वात सरळ उपाय म्हणजे जुन्या आणि नव्या झोनच्या मजकुराच्या दोन प्रती काढून ओळीला ओळ लावून पाहणं.

फायरवॉलमध्ये ५३ क्रमांकाचा पोर्ट उघडा आहे का बघा, यूडीपी आणि टीसीपी दोन्हींसाठी. क्लाउडवरचे नवे व्हीपीएस अनेकदा फक्त वेब आणि एसएसएचचे पोर्ट उघडे ठेवून मिळतात. सर्व्हरच्या आत बसून विचारलं तर डीएनएस झकास उत्तर देतो आणि बाहेरून चिटपाखरू आत येऊ शकत नाही.

एनएस२ खरोखर वेगळ्या यंत्रावर असेल आणि एनएस१कडून झोनच्या प्रती ओढत असेल, तर त्याच्या सेटिंगमधला मूळ सर्व्हरचा पत्ताही बदला आणि नव्या एनएस१ला सांगा की याला प्रत घेऊ दे. हे राहिलं तर एनएस२ जुनीच प्रत दाखवत राहतो. झोनच्या एसओए रेकॉर्डमध्ये एक एक्स्पायरीचा आकडा असतो, तो साधारण दोन ते चार आठवड्यांचा ठेवायची रीत आहे. तेवढा काळ मूळ सर्व्हर भेटला नाही की एनएस२ त्या डोमेनसाठी उत्तर द्यायचंच थांबतो. म्हणजे आज केलेल्या चुकीचा फोन पुढच्या महिन्यात येणार.

डीएनएससेक चालू असेल तर थांबा

एखाद्या डोमेनवर डीएनएससेक, म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवर सही करण्याची सोय, चालू असेल तर रजिस्ट्रीकडे ग्लूखेरीज आणखी एक नोंद असते, डीएस रेकॉर्ड. या डोमेनची उत्तरं अमुक किल्लीने सही केलेली असतील, असं ती नोंद जगाला सांगते. नव्या सर्व्हरवर ती किल्ली नसेल तर सही पडताळणारे रिझॉल्व्हर उत्तर सरळ नाकारतात. पडताळणी न करणाऱ्यांना साइट दिसत राहते, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. दोन मार्ग आहेत: किल्ल्या नव्या सर्व्हरवर न्या, किंवा रजिस्ट्रारकडून डीएस आधी काढून टाका, दिवस-दीड दिवस जाऊ द्या आणि मगच ग्लू बदला. .कॉममध्ये डीएसचा टीटीएल एक दिवसाचा असतो, म्हणून ही मुदत. लहान सेटअपसाठी मला दुसरा मार्ग बरा वाटतो. सगळं स्थिर झाल्यावर पुन्हा सही चालू करता येते. क्लायंटच्या डोमेनवर कोणी डीएस टाकला असेल तर तो त्याच्या रजिस्ट्रारकडे असतो, हे मात्र विसरू नका.

बदल लागला का, हे कसं पाहायचं

ब्राउझरमध्ये साइट उघडून काही सिद्ध होत नाही. हूइजमध्ये (डोमेनच्या नोंदणीच्या जाहीर माहितीत) बघूनही नाही, कारण डोमेनच्या हूइजमध्ये नेमसर्व्हरची नावंच दिसतात आणि ती आधीही बरोबर होती, आताही आहेत. थेट रजिस्ट्रीच्या सर्व्हरला विचारायला हवं. लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलमध्ये डिग ही कमांड असते. तिच्यापुढे ॲटचं चिन्ह लावून ए.जीटीएलडी-सर्व्हर्स.नेट हे .कॉमच्या सर्व्हरचं नाव लिहा, मग एनएस१.तुमचंनाव.कॉम, आणि शेवटी ए.

उत्तरात ॲन्सर सेक्शन रिकामा येईल, त्याने दचकू नका. .कॉमचा सर्व्हर उत्तर देत नाही, फक्त पुढची वाट दाखवतो. त्याखाली अथॉरिटी सेक्शनमध्ये दोन नावं असतील आणि सगळ्यात खाली ॲडिशनल सेक्शनमध्ये अशी ओळ: एनएस१.तुमचंनाव.कॉम, १७२८००, आयएन, ए, १९८.५१.१००.२०. हाच ग्लू. शेवटचा आकडा नव्या सर्व्हरचा असला की रजिस्ट्रीतलं काम झालं. तिथे २०३ दिसत असेल तर पॅनलमध्ये सेव्ह झालेलं नाही, किंवा तुम्ही भलत्याच पानावर होतात. याच भागात आयपीव्ही६चा पत्ताही दिसतो, त्यामुळे विसरलेला रकाना इथे उघडा पडतो.

मग ॲटच्या चिन्हापुढे नव्या सर्व्हरचा आयपी टाकून प्रत्येक क्लायंटचं डोमेन विचारा. ‘रिफ्यूज्ड’ आलं तर तो झोन नव्या सर्व्हरवर नाहीच. ही चाचणी ग्लू बदलण्याआधी करायची असते, पण नंतर का होईना, करा. गूगल आणि क्लाउडफ्लेअर यांच्या सार्वजनिक रिझॉल्व्हरना कॅशे (साठवलेली जुनी उत्तरं) रिकामी करायला सांगण्याची पानं आहेत, तिथे डोमेन टाकलं की निदान ते दोघे लगेच नव्या पत्त्याकडे वळतात.

दोन्ही नेमसर्व्हर एकदम बदलायचे की एकेक? जुना सर्व्हर वर सांगितल्याप्रमाणे तयार केला असेल तर एकदम बदलले तरी चालतात. मी आधी एनएस२ बदलेन आणि दुसऱ्या दिवशी एनएस१. नवा सर्व्हर नकार देत असेल किंवा गप्प असेल तर रिझॉल्व्हर दुसऱ्याकडे जाऊन काम भागवतात. नवा सर्व्हर चुकीचं उत्तर देत असेल तर मात्र या सावधगिरीचा उपयोग नाही. रिझॉल्व्हरला ते चूक आहे हे कळायला मार्ग नसतो.

जुना सर्व्हर कधी बंद करायचा हे कॅलेंडरवरून ठरवू नका, त्याच्या क्वेरी लॉगवरून ठरवा. दोन-तीन दिवसांनी विचारणारे झपाट्याने कमी झाले पाहिजेत. आठवड्याने फक्त बॉट आणि तुरळक भटके उरले असतील तर खुशाल बंद करा. एखाद्याच डोमेनसाठी अजून भरपूर विचारणा येत असेल तर ते डोमेन कुठेतरी थेट आयपीने जोडलेलं आहे, ते शोधा.

आधीच बंद पडलं असेल तर

जुनं होस्टिंग गेलं, ग्लू तिकडेच आहे आणि सगळं ठप्प आहे, अशा वेळी नव्या सर्व्हरवर काही खुडबुड करण्यात अर्थ नाही. रजिस्ट्रारच्या खात्यात जा आणि ग्लू बदला, एवढंच. या परिस्थितीत वाट पाहणंही कमी असतं, कारण जुना पत्ता आता कोणी ताजा करत नाही.

अडचण येते ती खात्यात शिरताना. रजिस्ट्रारकडे नोंदवलेला ईमेल त्याच डोमेनचा असतो, ॲडमिन ॲट तुमचंनाव.कॉम. पासवर्ड बदलण्याची लिंक त्या मेलवर जाते, आणि तो मेल पोचत नाही कारण डोमेनच बंद आहे. ओटीपी तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या मोबाइलवर. मग ओळखपत्रं, कंपनीची कागदपत्रं, सपोर्टशी पत्रव्यवहार, आणि तोवर क्लायंटचे फोन. रजिस्ट्रारच्या खात्याला दुसऱ्याच कुठल्या तरी सेवेचा ईमेल लावणं हे पाच मिनिटांचं काम आहे आणि ते सर्व्हर बदलायच्या आधी करायचं असतं.

हे सगळं तुम्हाला हवंच आहे का

एकच व्हीपीएस, त्याच्या एकाच आयपीवर एनएस१ आणि एनएस२ दोन्ही, असं चित्र फार ठिकाणी दिसतं. दोन नावं दिली की नियम पाळल्यासारखं होतं, पण यंत्र एकच. दुसरा नेमसर्व्हर वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या नेटवर्कवर असावा हा सल्ला १९९७ पासून लिहून ठेवलेला आहे. तो न पाळल्याचा फटका मायक्रोसॉफ्टलाही बसला. जानेवारी २००१ मध्ये त्यांचे सगळे नेमसर्व्हर एकाच नेटवर्कवर होते. तिथल्या राउटरच्या सेटिंगमध्ये गफलत झाली आणि जवळपास दिवसभर त्यांच्या साइट्स सापडेनाशा झाल्या. साइट्सचे सर्व्हर चालूच होते, फक्त पत्ता सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

म्हणून माझं मत विचाराल तर पाच-दहा साइट्स सांभाळणाऱ्याने स्वतःच्या नावाचे नेमसर्व्हर ठेवू नयेत. रजिस्ट्रारचं डीएनएस किंवा क्लाउडफ्लेअरसारखी सेवा वापरावी. मग होस्टिंग बदललं तरी नेमसर्व्हरला हात लावावा लागत नाही, ए रेकॉर्ड बदलला की झालं. ज्यांच्याकडे शंभरेक डोमेन्स आहेत आणि होस्टिंग हाच धंदा आहे त्यांचं गणित वेगळं. त्यांनी एनएस२ दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त व्हीपीएसवर हलवावा आणि ग्लूचे पत्ते एका कागदावर लिहून ठेवावेत.

स्वतःचे नेमसर्व्हर सोडायचं ठरवलंत तर मात्र ती क्लायंटना कष्ट न पडण्याची सोय संपते. प्रत्येक डोमेनच्या रजिस्ट्रारकडे जाऊन नावं बदलावी लागतात, त्यातले काही क्लायंट फोन उचलत नाहीत आणि काहींना आपलं डोमेन कुठून घेतलं हेच आठवत नाही. शेवटचं डोमेन हलेपर्यंत एनएस१ आणि एनएस२ चालूच ठेवावे लागतात, आणि तोवर रजिस्ट्रीतला त्यांचा पत्ताही बरोबर असावा लागतो.